सर्व्हरची खंडेनवमी

विजयसिंहराव भापकरांच्या घरी खंडेनवमीला जे घडलं, त्याचा दोष महिपतीतात्यांना देणं सोपं आहे, आणि विजयसिंहरावांनी तो बरेच दिवस अगदी मनापासून दिलाही. पण न्यायाचं बोलायचं तर नारळ तात्यांनी फोडला असला, तरी तो त्यांच्या हातात विजयसिंहरावांनीच दिला होता.

तात्या म्हणजे शेजारी. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलेली, त्यामुळे आवाज मोठा आणि हात जड. विजयसिंहराव त्याच कारखान्यात, पण संगणक विभागात. निवृत्त झाले तेव्हा विभागप्रमुख होते. नाव विजयसिंह असलं तरी अंगकाठी उसाच्या वाढ्यासारखी, वारा आला तर हलेल अशी. आपण भापकर म्हणून लोणी भापकरचे, पण डोक्याने बारामतीचे, असं ते स्वतःबद्दल सांगत. कारखान्याने भंगारात काढलेला जुना सर्व्हर त्यांनी लिलावात घेतला आणि कॉलनीत आणून बसवला. त्याच्या पाठीवर कारखान्याचा नंबर पिवळ्या रंगात तसाच होता. कॉलनी त्याला ‘डबा’ म्हणायची. विजयसिंहराव प्रत्येक वेळी ‘सर्व्हर’ अशी दुरुस्ती करायचे, आणि कॉलनी पुढच्या वेळी पुन्हा डबाच म्हणायची.

हा सर्व्हर आधी बाहेरच्या खोलीत होता, आता स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे पूर्वी गव्हाची कोठी होती तिथे उभा होता. कोठी हलवली, कारण एकट्या माणसाला गहू लागतो किती? मुक्ताबाई, म्हणजे विजयसिंहरावांच्या मंडळी, बंगळूरला लेकीकडे गेल्या होत्या. सुप्रियाला मुलगी झाली, तिचं नाव लाडाने छकुली पडलं, आणि आजी दोन-चार महिन्यांसाठी गेली. छकुली आता शाळेत जाते. आजी अजून तिथेच आहे.

निघायच्या आधी मुक्ताबाईंना काळजी एकच होती, हा माणूस खाणार काय. तेव्हा विजयसिंहरावांनी विभागप्रमुखाच्या सुरात सांगितलं होतं, “तू रोज फोनवर सांगत बसू नकोस, मी रोज विचारत बसणार नाही. एकदाच सगळं रेकॉर्ड करून ठेव. पद्धतशीर काम होईल.”

“बरं,” मुक्ताबाई म्हणाल्या. मग ओट्यावर मोबाइल उभा करून त्यांनी एकेक पदार्थ सांगून ठेवला. पिठलं, आमटी, मेथीची भाजी, भाकरी, अगदी पापड भाजणंसुद्धा. विजयसिंहरावांनी ते सगळं सर्व्हरवर चढवलं आणि स्वयंपाकघरात स्पीकर लावला.

आता मुक्ताबाईंना रेकॉर्डिंगसमोर बोलायची सवय नव्हती. त्या नवऱ्यासमोर बोलतात तशाच बोलल्या. “आवं, आधी टीव्ही बंद करा,” अशी पिठल्याची सुरुवात होती. मग थोडा वेळ शांतता. “केला? करा मग. आता कढई घ्या. ती न्हाय, ती दुधाची हाय.” पुन्हा शांतता. “घेतली का? कांदा बारीक चिरा, पाटलावानी फोडी करू नका.” मधल्या त्या शांततेत नवरा उत्तर देईल म्हणून त्या थांबलेल्या असायच्या.

आणि विजयसिंहराव उत्तर द्यायचे. ही गोष्ट त्यांनी जगात कुणाला सांगितली नव्हती. सगळे पदार्थ पाठ होऊन कैक महिने लोटले होते, तरी रोज रेकॉर्डिंग लागायचं, आणि ते कांदा चिरता चिरता “केला”, “घेतली”, “अगं हो, बारीकच चिरतोय” म्हणायचे. संध्याकाळी बंगळूरहून फोन यायचा. “जेवलात?” “जेवलो.” “काय केलं हुतं?” “पिठलं.” “जमलं?” “जमलं.” “बरं मग. छकुली हाका मारतीय.” फोन बंद. विचारायला काही उरू द्यायचं नाही हा त्यांचा शब्द होता, आणि शब्दाचे ते पक्के होते. फोन ठेवल्यावर घर इतकं मोकळं वाटायचं, की ते विनाकारण पाणी प्यायला उठायचे. एकटं वाटतं असं म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. पण वाटायचं.

तर खंडेनवमी. मुक्ताबाई घरी असताना सर्व्हरची पूजा त्या करायच्या. आधी बटण बंद, मग कोरड्या फडक्याने पुसणं, बोटाने कुंकवाचा एक टिपका, झेंडूची माळ, आणि समोर अख्खा नारळ. नारळ नंतर स्वयंपाकघरात फुटायचा आणि त्याच्या वड्या व्हायच्या. त्या गेल्यापासूनच्या नवम्या विजयसिंहरावांनी उदबत्तीवर भागवल्या होत्या. यंदा मात्र त्यांनी ठरवलं, की पूजा साग्रसंगीत करायची. आपल्याला घरचं सगळं जमतं हे सिद्ध करायचं होतं, कुणापुढे ते माहीत नाही.

सर्व्हर त्यांनी बंद केला नाही. सर्व्हर कधी बंद करायचा नसतो, हा संगणक विभागाचा नियम. हळद-कुंकू वाहिलं, माळ घातली, आणि नारळ हातात घेऊन ते फरशीकडे बघत उभे राहिले. एवढ्यात तात्या आपल्या स्कूटरच्या पूजेचा प्रसाद घेऊन आले.

“फरशीवर फोडताय व्हय?” तात्यांचा चेहराच पडला. “भापकरसायेब, मान यंत्राचा हाय, फरशीचा न्हाय. आमी बॉयलर पेटवायच्या आधी थेट लोखंडावर फोडायचो. कधी बॉयलर बंद पडला का? सांगा.”

बॉयलर दर हंगामात बंद पडायचा हे विजयसिंहरावांना ठाऊक होतं. पण सणाच्या दिवशी वाद नको, म्हणून त्यांनी नारळ पुढे केला. तात्यांनी सर्व्हरचा वरचा कोपरा बोटाने वाजवून पाहिला, “लोखंड चांगलं हाय” असा निर्वाळा दिला, आणि एकच घाव घातला. नारळाची सरळ दोन भकलं झाली. पाणी पंख्याच्या जाळीतून आत गेलं. सर्व्हरमधून आधी टक्‌ टक्‌ असा आवाज आला, मग घर्र झालं, मग पुन्हा टक्‌ टक्‌.

“पावला,” तात्या खोबरं चावत म्हणाले. “गोड हाय नारळ.”

आता कुणी शहाणा विचारेल, की संगणक विभागाच्या प्रमुखाने दुसरी प्रत ठेवली नव्हती का? ठेवली होती. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एक गेली तर दुसरी हजर, अशी पक्की व्यवस्था. फक्त झालं असं, की त्यातली एक उन्हाळ्यातच गेली होती. तेव्हा सर्व्हरने नियमाप्रमाणे टीं टीं करून बोंब मारली, पण ती बोंब नेमकी मेथीच्या भाजीच्या मध्ये यायची आणि मुक्ताबाईंचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून विजयसिंहरावांनी भोंग्याची वायर काढून टाकली. नवी डिस्क दिवाळीच्या आसपास टाकू असा विचार होता. हे त्यांनी तात्यांना सांगितलं नाही. आपल्याकडे थोडा दोष आहे म्हटलं, की दुसऱ्याला शिव्या देण्यात मजा राहत नाही.

त्या दिवशी दुपारी ते स्वयंपाकघरात उभे राहिले आणि सवयीने स्पीकर लावला. स्पीकर नुसता खरखरला. त्यांनी कांदा चिरला, पण त्यांना कुणीही पाटलावानी फोडी करू नका म्हणालं नाही. जेवण गेलंच नाही.

मग सल्ले सुरू झाले. सरूबाई, म्हणजे तात्यांच्या मंडळी, म्हणाल्या तांदळात ठेवा, आमच्या म्होबाइलला गुण आला हुता. विजयसिंहरावांनी त्यांना शास्त्रीय कारणं देऊन ही कल्पना मोडीत काढली, आणि त्या गेल्यावर डिस्क तांदळाच्या डब्यात पुरली. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एका निवृत्त मास्तरांनी फ्रिजचा उपाय सांगितला. थंडीने पार्ट आकसतात, म्हणे. डिस्क पिशवीत बांधून वाटाण्याशेजारी गेली. बाहेर काढल्यावर तिने दोनदा टक्‌ टक्‌ केलं आणि मग तेही सोडून दिलं. वाटाण्यांना मात्र काही झालं नाही.

बारामतीतल्या एका दुकानदाराने डिस्क कानाला लावली आणि परत दिली.

“गेली. नवी टाका.”

“आणि आतलं?”

“आतलं बी गेलं. काय हुतं एवढं?”

“रेकॉर्ड,” विजयसिंहराव म्हणाले.

“संस्थेचं?”

“तसंच.” एवढं बोलून ते बाहेर आले. बायकोने पिठलं कसं करायचं सांगितलंय, ते हवंय, असं भर दुकानात सांगण्याइतके ते अजून खचले नव्हते.

इकडे तात्यांच्या जिवाला लागलं होतं. नारळ गोड निघूनही हे असं का व्हावं, हे कोडं त्यांना सुटेना. एक दिवस ते उत्साहात आले. इंदापुरात अविराज नावाचा एक जण आहे, कॅमेरे बसवतो. तात्यांच्या पुतण्याच्या मळ्यातली मोटर चोरीला गेली तेव्हा कॅमेऱ्याच्या जळलेल्या डब्यातून त्याने चित्रं काढून दिली. चोर सापडला नाही, पण चोराची पाठ स्पष्ट दिसली. अविराजने फोनवर बजावलं, “आख्खा डबा आना. सुट्टं काय आनू नका.” डबा या शब्दाला विजयसिंहरावांनी पहिल्यांदाच हरकत घेतली नाही.

एस्टीत तात्या शेजारी बसले होते, सर्व्हर विजयसिंहरावांच्या मांडीवर होता आणि कुंकू त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. कंडक्टरने त्याचं लगेज लावलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण दिवस निवडणुकीचे होते. आचारसंहिता लागलेली, रस्त्यावर तपासणी नाका. एस्टी थांबली, एक साहेब वर चढले, आणि त्यांची नजर पिवळ्या नंबरावर पडली.

“हे काय हाय?”

“सर्व्हर.”

“कारखान्याचा?”

“पूर्वी होता. आता माझा आहे.”

“आत काय डाटा हाय? मतदारांच्या याद्या?”

विजयसिंहराव गप्प. माणूस गप्प बसला की संशय वाढतो, आणि साहेबांचा वाढला. सर्व्हर आणि त्याचे मालक दोघेही खाली उतरले. मागोमाग तात्या उतरले आणि “सज्जन मानूस हाय वो, नारळ मीच फोडला” असं म्हणून त्यांनी प्रकरण आणखी अवघड केलं. कुठला नारळ, कुठल्या उमेदवाराचा, हे साहेबांनी वेगळं विचारलं. एस्टीच्या सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या.

“शेवटचं इचारतो. आत काय हाय?”

“स्वयंपाक,” विजयसिंहराव म्हणाले.

“काय?”

“बायकोने सांगितलेला स्वयंपाक. तिच्या आवाजात. ती बंगळूरला असते.”

एका खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी हातातला कागद पाहिला. त्यात रोकड, दारू, प्रचारसाहित्य आणि भेटवस्तू असे रकाने होते. बायकोचा आवाज कशात घालावा, यावर ते आणि हवालदार यांच्यात बरीच चर्चा झाली. हवालदाराचा कल भेटवस्तूकडे होता. शेवटी साहेबांनी ‘इतर’ असा नवा रकाना आखला, त्यात ‘घरगुती’ एवढंच लिहिलं आणि जा म्हणाले. सर्व्हर उचलून देताना मात्र ते जवळ येऊन हळूच म्हणाले, “कडधान्याच्या उसळी हायत का वो त्यात? आमचीबी म्हायेरी गेलीय.”

“आहेत,” विजयसिंहराव म्हणाले. “निघाल्या तर.”

अविराजचं दुकान एस्टी स्टँडजवळ होतं. भिंतभर कॅमेऱ्यांचे पडदे लावलेले, आणि त्या पडद्यांवर हेच दुकान चहूबाजूंनी दिसत होतं. त्यामुळे विजयसिंहरावांना आपला कुंकवाळलेला शर्ट एकाच वेळी सगळीकडून बघावा लागला. अविराज हाताने काम आणि तोंडाने स्वतःचं कौतुक एकदम करू शकत होता. त्याने डिस्क काढली, वास घेतला, “नारळ?” म्हणाला आणि मान हलवली. मग वायरी जोडल्या, डिस्क आडवी केली, उभी केली, पालथी घातली. दुपार तशीच गेली. तात्या बाकावर बसून गाईच्या डोळ्यांनी बघत होते.

“काका,” अविराज अखेर म्हणाला, “सगळं खरवडलंय आतनं. पर एक फाइल आख्खी निघाली बगा. लावू?”

नको म्हणायच्या आत त्याने ती दुकानाच्या मोठ्या स्पीकरवर लावली. डीजेवाल्याने दुरुस्तीला टाकलेला स्पीकर होता तो.

“आवं,” मुक्ताबाई स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा गरजल्या, “कारलं बगून तोंड वाकडं करू नका.”

दुकान चिडीचूप झालं. इतक्या दिवसांनी तो आवाज आला होता. कारल्याचा का होईना.

“केलंच की वाकडं. मला म्हायती हाय. चकत्या करा आनि मीठ लावून ठिवा. लावलं?”

बाहेरचे दोघे-चौघे आत डोकावले. रिचार्ज मारायला आलेली एक बाई पिशवी खाली ठेवून ऐकू लागली. “दाबून पानी काडा. हळू. तुमचा चष्मा कुठं हाय?” गर्दी खुदखुदली. “गूळ कवा घालायचा म्हनल्या?” बाईने विचारलं, तर शेजारचा शेतकरी म्हणाला, “दम धरा की, सांगतील.” अविराज हसत होता, पडद्यांवरचा अविराजही हसत होता.

“आता दान्याचा कूट घ्या. डब्याचं झाकन लावा आधी.” आणि मुक्ताबाई नेहमीसारख्या थांबल्या. “लावलं का?”

“व्हय गं, लावलं,” विजयसिंहराव म्हणाले.

ते मोठ्याने म्हणाले. अख्ख्या इंदापुरासमोर, हात समोर धरून, जणू डबा हातात आहे. क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागचा एक जण हसला, पण बाकी कुणी हसलं नाही, म्हणून तोही थांबला. विजयसिंहरावांनी हात खाली घेतला. पडद्यापडद्यावर एक वाळका माणूस हात खाली घेताना दिसला. विभागप्रमुख म्हणून कमावलेली सगळी अब्रू त्या एका ‘व्हय गं’मध्ये गेली. तात्या उठले, अविराजला म्हणाले, “बंद कर रं ते,” आणि दुकानाच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

परतीच्या एस्टीत सर्व्हर पुन्हा मांडीवर होता. मग तात्या म्हणाले, “भापकरसायेब, वैनी जित्त्या हायत की वो. फोन करून पुन्यांदा सांगा म्हना.”

“तिला तिकडे कामं असतात.”

“इचारलं का कधी?”

“मी विचारणार नाही असं मीच म्हटलं होतं तिला.”

“मग?”

विजयसिंहरावांनी शर्टावरचं कुंकू झटकलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. ऊस सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढे काही दिवस भापकरांच्या घरी कारलं होत राहिलं. विजयसिंहरावांना कारलं जन्मात आवडलं नव्हतं. पण सोबत हवी तर अविराजने मोबाइलवर चढवून दिलेलं तेवढंच शिल्लक होतं, म्हणून ते मुकाट्याने गूळ घालून, कूट घालून खात होते. मंडईतल्या बाईने साखर वाढली का असं विचारलं. सरूबाईंनी न सांगता एकदा आमटी आणून दिली.

दिवाळीच्या आधीच्या एका संध्याकाळी त्यांना कारलं बघवेना. त्यांनी कढई चढवली आणि सगळं मनाने केलं. कांदा, लसूण, मिरची, हळद, पाणी, पीठ. घरात चकार शब्द न होता पिठलं तयार झालं आणि उत्तम झालं. चव घेऊन ते तसेच ओट्याशी उभे राहिले. पिठलं बिघडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मग बंगळूरच्या फोनची वेळ व्हायच्या आतच त्यांनी मोबाइल उचलला.

“काय झालं?” मुक्ताबाईंचा आवाज घाबरा. “बरं हाय न्हवं? ह्या वक्ताला फोन?”

“बरं आहे. ते आपलं... पिठल्याला पाणी किती घालायचं असतं?”

पलीकडे एकदम शांत झालं. ही शांतता रेकॉर्डिंगमधल्यापेक्षा लांब होती.

“सांगून ठिवलंय की. तुमच्या त्या डब्यात.”

“बिघडलाय तो. सगळं गेलं.”

“सगळं?”

“कारलं राहिलंय.”

मुक्ताबाई हसल्या. खूप हसल्या. “कसा काय बिघडला?” त्यांनी विचारलं, आणि तात्यांचा नारळ ऐकून पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, “मी गेल्यापासनं तुमी एकदाबी काय इचारलं न्हाय. रोज आपलं जमलं, जमलं. म्हनलं, ह्यांचं समदं माझ्याबिगर नीट चाललंय. मग फोनवर काय बोलायचं, मलाबी सुचायचं न्हाय.”

विजयसिंहरावांनी मोबाइल या कानाचा त्या कानाला नेला.

“आवं, हायसा का?”

“आहे.”

“मग टीव्ही बंद करा आधी. ग्यास पेटवला का?”

विजयसिंहरावांनी शेगडीकडे पाहिलं. तयार पिठलं वाफाळत होतं. त्यांनी कढई आवाज न करता उतरवली, वर ताट झाकलं आणि दुसरी कढई घेतली.

“पेटवतोय,” ते म्हणाले.

“दुधाची कढई न्हाय न्हवं घेतली?”

दुधाचीच होती. त्यांनी ती परत ठेवली.

मागून छकुलीची हाक ऐकू आली. “थांब गं बाई,” मुक्ताबाई तिला म्हणाल्या, “आजोबांचं पिठलं व्हायचंय अजून.” मग जरा थांबून, संशयाने, “आवं, ह्ये रेकॉर्ड करताय का काय?”

“नाही.”

“करूबी नका. न्हायतर उद्या फोन करायचा न्हाय तुमी.”

“बरं,” विजयसिंहराव म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्यांदा कांदा चिरायला घेतला.